बड्स कनेक्ट झाले, पण आवाज येत नाही: दोष नेमका कुठे, हे शोधायची रीत

पडद्यावर बड्सचं नाव आहे, खाली 'कनेक्टेड' लिहिलंय, बॅटरीचा आकडाही दिसतोय. गाण्याची पट्टी पुढे सरकतेय आणि कानात मात्र शुकशुकाट. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी ब्लूटूथच्या बटणावर जातो. बंद, चालू, पुन्हा बंद, पुन्हा चालू. कधी त्यानं आवाज येतोही, पण अडलं कुठे होतं ते कळत नाही आणि चार दिवसांनी तीच रड पुन्हा सुरू होते.

'कनेक्टेड' या शब्दाचा अर्थ आपण समजतो त्यापेक्षा बराच लहान आहे. फोन आणि बड्स यांच्यात दुवा जुळला, एवढंच तो सांगतो. त्या दुव्यावरून कामं मात्र वेगवेगळ्या वाटांनी चालतात. गाणी-व्हिडिओचा आवाज ए-टू-डी-पी नावाच्या प्रोफाइलवरून जातो, फोनवरचं बोलणं एच-एफ-पी वरून आणि प्ले-पॉजसारख्या आज्ञा ए-व्ही-आर-सी-पी वरून. यातली एखादीच वाट उघडली तरी फोन 'कनेक्टेड' म्हणून मोकळा होतो. म्हणूनच कॉल स्वच्छ ऐकू येतो आणि गाणं मुकं, किंवा बडवर टिचकी मारली की गाणं थांबतं-चालू होतं पण ऐकू काहीच येत नाही, असले चमत्कार दिसतात.

आधी नुसतं ऐका

कुठलंही सेटिंग बदलण्याआधी तीन आवाज तपासा. दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढचा अर्धा तास वाचतो.

पहिला आवाज बडचा स्वतःचा. डबीतून काढल्यावर 'टुंग' वाजतं किंवा एखादी बाई 'कनेक्टेड' म्हणते, तो आवाज फोनमधून येत नाही. तो बडमधल्या चिपमध्येच साठवलेला असतो. तो दोन्ही कानांत नीट ऐकू आला, तर स्पीकर आणि जाळी यांच्यावरचा संशय तिथेच काढून टाका. काही कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये या सूचना बंद करता येतात, तेव्हा आधी ते बघून घ्या. तशा बंद असतील तर टच भागावर बोट दाबून नॉइज कॅन्सलेशन किंवा गेम मोड बदला, त्या वेळी सहसा बीप वाजतो.

दुसरा आवाज कॉलचा. घरातल्याच कुणाला साधा फोन लावा आणि कॉलच्या पडद्यावर आवाजाच्या चिन्हाखाली ब्लूटूथ निवडलेलं आहे ना ते पाहा.

तिसरा आवाज फोनमध्येच साठवलेल्या फाइलचा. एखादं डाउनलोड केलेलं गाणं फाइल मॅनेजरमधून थेट वाजवा. यूट्यूब किंवा स्पॉटिफायवर ही चाचणी करू नका, कारण त्या अ‍ॅपमध्ये आवाज भलतीकडे वळवायच्या स्वतःच्या सोयी असतात.

बडची सूचना ऐकू येते, फोनचं काहीच नाही: दोष फोनमध्ये किंवा जोडणीत. कॉल ऐकू येतो, गाणं नाही: मीडियाची वाट बंद आहे. फाइल वाजते, एकच अ‍ॅप मुकं: त्या अ‍ॅपचं सेटिंग. सूचनाही ऐकू येत नाही: बड्सच तपासायचे. खात्री हवी असेल तर बड्स दुसऱ्या फोनला जोडून पाहा, पण तसं करताना पहिल्या फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा, नाहीतर बड्स सवयीनं त्यालाच जाऊन चिकटतील.

कॉल ऐकू येतो, गाणं नाही

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'कनेक्टेड डिव्हायसेस' उघडा आणि बड्सच्या नावाशेजारचं दातेरी चाक दाबा. आत 'फोन कॉल्स' आणि 'मीडिया ऑडिओ' अशी दोन स्वतंत्र बटणं दिसतील. 'मीडिया ऑडिओ' बंद असेल तर सगळी गंमत तिथेच संपली. चालू दिसत असेल तरी एकदा बंद करा, पाच सेकंद थांबा आणि पुन्हा चालू करा, म्हणजे ती वाट नव्यानं जुळते. याच पानावर 'एचडी ऑडिओ' आणि नव्या फोनमध्ये 'एलई ऑडिओ' ही बटणंही असतात. त्यांच्याकडे पुढे येऊ.

मग आवाजाची पट्टी. अँड्रॉइडमध्ये मीडिया, कॉल, रिंग आणि अलार्म यांचे आवाज वेगवेगळे असतात. गाणं वाजत नसताना व्हॉल्यूमचं बटण दाबलं तर काही फोनमध्ये रिंगचाच आवाज वाढतो आणि आपल्याला वाटतं, फुल्ल तर केलाय. म्हणून गाणं चालू ठेवून बटण दाबा आणि वर आलेल्या पट्टीतले तीन ठिपके दाबून सगळ्या पट्ट्या एकदम बघा.

इथे एक खोलातली गोष्ट आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. आजच्या फोनमध्ये 'अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' नावाची सोय असते. तिच्यामुळे फोनची पट्टी आणि बडचा आतला आवाज एकत्र हलतात. काही स्वस्त बड्सना ही भाषा नीट कळत नाही. फोनला वाटतं आवाज ऐंशी टक्के आहे, बडनं मात्र शून्य धरलेलं असतं. तसा संशय असेल तर सेटिंग्जमधल्या 'अबाउट फोन'मध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारा, म्हणजे 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतील. त्यात 'डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' चालू करा आणि फोन रीस्टार्ट करा. आता एकाच नळाला दोन तोट्या झाल्या: बडच्या टचनं त्याचा आवाज वेगळा वाढवावा लागेल आणि फोनचा वेगळा. ही चाचणी बड्स कानात न घालता, कानाजवळ धरून करा. अडलेला आवाज एकदम पूर्ण जोरानं सुटला तर कानठळ्या बसतात.

आणखी एक कारण कॉल संपल्यावर दिसतं. व्हॉट्सअ‍ॅप कॉल किंवा ऑनलाइन मीटिंग झाली, अ‍ॅपनं माइक सोडलाच नाही, की फोन स्वतःला अजून कॉलमध्येच समजतो. मग गाणं एकतर डब्यातून आल्यासारखं बसकं वाजतं किंवा वाजतच नाही. कॉल केलेलं अ‍ॅप 'फोर्स स्टॉप' करा. अँड्रॉइड १२ पासून माइक वापरात असेल तर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवं चिन्ह दिसतं, त्यावरून चोर लगेच सापडतो.

आवाज दुसरीकडेच वाजतोय

हा प्रकार वाटतो त्यापेक्षा खूपच जास्त घडतो. स्पॉटिफाय एका उपकरणावर गाणं वाजवत असताना दुसऱ्यावरून त्याचा ताबा घेऊ देतं. आतल्या खोलीतल्या टीव्हीवर किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर गाणं चालू असतं आणि हातातला फोन नुसता रिमोट झालेला असतो. प्लेअरच्या तळाशी हिरव्या अक्षरांत कुठल्या उपकरणाचं नाव आहे ते बघा. यूट्यूबमध्ये कास्टचं चिन्ह भरलेलं दिसत असेल तर तेही तोडा.

सॅमसंगच्या फोनमध्ये 'साउंड्स अँड व्हायब्रेशन'खाली 'सेपरेट अ‍ॅप साउंड' आहे. एखाद्या अ‍ॅपचा आवाज कायम फोनच्याच स्पीकरवर ठेवायची ही सोय गाडीत उपयोगी पडते. एकदा चालू करून विसरलात की ते अ‍ॅप बड्समध्ये कधीच बोलत नाही. आयफोनवर कंट्रोल सेंटर खाली ओढा, वाजणाऱ्या गाण्याच्या चौकोनातलं एअरप्लेचं चिन्ह दाबा आणि यादीतून बड्स निवडा.

बड्समध्ये मल्टिपॉइंट असेल, म्हणजे ते एकाच वेळी दोन उपकरणांना जोडले जात असतील, तर संशय लॅपटॉपवर घ्या. ब्राउझरच्या एखाद्या टॅबमध्ये म्यूट केलेला व्हिडिओ चालू असला तरी काही बड्स त्या लॅपटॉपलाच धरून बसतात आणि फोनला दाद देत नाहीत. लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद केल्यावर फोनचा आवाज सुरू झाला, तर बड्सच्या अ‍ॅपमध्ये मल्टिपॉइंट बंद करून टाका. दोन्हीकडून रोज कॉल घ्यायचे नसतील तर ही सोय डोकेदुखीच जास्त देते.

कोडेक

फोन आवाज दाबून, म्हणजे कोडेकमध्ये बांधून पाठवतो आणि बड तो सोडवतो. एसबीसी हा कोडेक ए-टू-डी-पी वापरणाऱ्या प्रत्येक उपकरणात असावाच लागतो. एएसी, एपीटीएक्स, एलडीएसी हे ऐच्छिक. एलडीएसी सर्वांत वरच्या पायरीवर सेकंदाला ९९० किलोबिट पाठवू पाहतो. सॉफ्टवेअर अपडेटनंतर दोघांचं कोडेकबाबत जुळलं नाही तर जोडणी टिकते आणि आवाज गायब होतो. उपाय म्हणजे खालच्या पायरीवर या: मघाच्या पानावरचं 'एचडी ऑडिओ' आणि 'एलई ऑडिओ' बंद करा, बड्स डबीत ठेवून पुन्हा काढा. एसबीसीवर आवाज आला तर बड्सच्या अ‍ॅपमधून फर्मवेअर, म्हणजे बड्सच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून मग एचडी पुन्हा लावून पाहा. लोकलच्या गर्दीत उभं राहून ऐकायचं असेल तर एसबीसी आणि एलडीएसीतला फरक कानाला कळणारही नाही.

गर्दीवरून आठवलं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि त्याच पट्ट्यात वायफायही असतं. त्यामुळे अडथळा आला तर आवाज तुटतो, अडखळतो, एका कानातून क्षणभर जातो. फोन मागच्या खिशात असेल तर शरीरही लहरी अडवतं. पण दोन्ही कानांत सलग, ठार शांतता असेल तर दोष लहरींना देऊ नका.

जोडणी मुळापासून नव्यानं

इथवर काही सापडलं नसेल तर जुनी जोडणी पुसून नवी करायची. क्रम पाळा, कारण अर्धवट केलेलं री-पेअरिंग हेच पुष्कळदा नव्या गोंधळाचं मूळ असतं.

१. ज्या ज्या उपकरणांना बड्स जोडले होते त्या सगळ्यांवर 'फर्गेट' किंवा 'अनपेअर' करा. जुना फोन, टॅब, लॅपटॉप, टीव्ही, सगळे.

२. दोन्ही बड्स डबीत ठेवा, दोघांचे दिवे लागले ना ते बघा आणि किमान पंधरा मिनिटं चार्ज होऊ द्या.

३. बड्स फॅक्टरी रीसेट करा. डबीवर बटण असेल तर झाकण उघडं ठेवून ते साधारण दहा-पंधरा सेकंद, दिव्याचा रंग किंवा लुकलुक बदलेपर्यंत दाबायचं असतं. बटण नसेल तर बहुधा दोन्ही बड्सचे टच भाग एकदम दाबून धरायचे असतात. नेमकी रीत मॉडेलनुसार बदलते, ती खोक्यातल्या कागदावर असते. मागे बटण असलेल्या एअरपॉड्ससाठी: झाकण लावून ३० सेकंद थांबा, उघडा, मागचं बटण सुमारे १५ सेकंद दाबा. दिवा आधी नारिंगी, मग पांढरा लुकलुकतो.

४. फोन रीस्टार्ट करा. नुसतं ब्लूटूथ बंद-चालू करणं पुरेसं नाही.

५. दोन्ही बड्स एकदम बाहेर काढा आणि दहा सेकंद थांबा. डावा-उजवा आधी एकमेकांना शोधतात, मग फोनला. एकच बड बाहेर काढून जोडला तर दुसरा मुकाच राहू शकतो.

६. जोडताना फोन कॉन्टॅक्ट्स किंवा कॉलची परवानगी विचारतो. ती दिली-नाकारली तरी चालेल, 'मीडिया ऑडिओ' मात्र चालू आहे ना ते पाहा.

यादीत एकाच बड्सची दोन नावं दिसली, एकाच्या शेवटी 'एल' आणि दुसऱ्याच्या 'आर', तर डाव्या-उजव्याची जोडी फुटली आहे. दोन्ही नावं पुसून तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा.

त्यानंही भागलं नाही तर फोनचं नेटवर्क रीसेट उरतं. अँड्रॉइडमध्ये 'सिस्टिम'मधल्या 'रीसेट ऑप्शन्स'खाली, आयफोनमध्ये 'जनरल'च्या तळाशी 'ट्रान्सफर ऑर रीसेट'मध्ये. फोटो-चॅट जात नाहीत, पण साठवलेले वायफाय पासवर्ड जातात. घरच्या राउटरचा पासवर्ड कुणाला आठवतोय का, ते आधी विचारून घ्या.

एकाच कानात आवाज

प्रथम बॅलन्स. आयफोनमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'तल्या 'ऑडिओ अँड व्हिज्युअल'मध्ये डावी-उजवी पट्टी असते. अँड्रॉइडमध्येही ती 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'खालीच सापडते. ती एका टोकाला सरकली असेल तर मध्यावर आणा. मग 'मोनो ऑडिओ', म्हणजे दोन्ही कानांत एकसारखाच आवाज देणारी सोय, चालू करून बघा: जुन्या गाण्यांच्या काही ध्वनिमुद्रणांत वाद्यं एका बाजूला आणि गळा दुसऱ्या बाजूला असतो, तेव्हा बड बिघडल्याचा भास होतो.

मग डावा आणि उजवा स्पीकर जाळ्यांची तुलना करा. उजेडात धरा. एक जाळी चमकते आणि दुसरी पिवळट, मेणचट दिसते? मळ अडकलाय. रबरी टोपी काढा, ती कोमट साबणपाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. बडचं तोंड खाली करून मऊ, कोरड्या ब्रशनं जाळी झाडा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडेल. घट्ट मळासाठी सूचनाफलकावर कागद चिकटवायची निळी पुट्टी जाळीवर हलकेच दाबून उचला. सुई, पिन, टाचणी बिलकूल नको: जाळी फाटते आणि मागचा पातळ पडदा भोकसला गेला की तो बड संपला. तोंडानं फुंकरही मारू नका, थुंकी आत जाते.

बडची सूचनाही ऐकू येत नाही

जाळ्या साफ असतील तर बहुतेक वेळा बड चार्जच झालेला नसतो. डबीत ठेवला म्हणजे चार्ज होतोच असं नाही. बडच्या पोटावर सोनेरी ठिपके असतात आणि डबीच्या खळग्यात स्प्रिंगवरच्या छोट्या पिना. दोघांच्या मध्ये घामाचा थर, तेल किंवा हिरवट गंज आला की वीज पोचत नाही. मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला 'आयपीए' म्हणतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, ७० टक्के किंवा जास्तीचं, कापसाच्या काडीला नुसतं ओलसर लावून ठिपके आणि पिना पुसा. पाच मिनिटं वाळू द्या. जाळीला ते लावू नका. सॅनिटायझर जेल इथे चालत नाही, त्यातलं ग्लिसरीन मागे चिकट थर ठेवतं. प्रत्येक पिन काडीनं हलकेच दाबून पाहा. दबून वर न येणारी पिन हाच दोष.

नवे कोरे बड्स पहिल्याच दिवशी मुके असतील तर ठिपक्यांवर पारदर्शक स्टिकर आहे का ते बघा. तो काढायचा राहून गेल्यामुळे दुकानात परत गेलेल्या बड्सची संख्या कमी नसावी.

बॅटरी थकलेली असेल तर खूण वेगळी. बड जोडला जातो, 'कनेक्टेड' म्हणतो, आणि गाणं सुरू होताच गप्प होतो. बडमधली बॅटरी बहुधा ३० ते ६० मिलिअँपिअर-तासांची असते. नुसतं जोडलेलं राहायला लागणारा करंट ती देते, स्पीकर हलवायचा म्हटलं की दम तोडते. रोज वापरातल्या बड्सना दोन-तीन वर्षांत ही वेळ येते.

कानात घातल्याचं ओळखणाऱ्या बड्समध्ये आतल्या बाजूला एक काळं, चकचकीत छिद्र असतं. तो सेन्सर मळला किंवा सिलिकॉन कव्हरखाली झाकला गेला, तर बडचा अंदाज चुकतो आणि गाणं आपोआप थांबतं. अ‍ॅपमध्ये ही ओळख बंद करून पाहा.

पावसाळ्यात बड भिजला असेल तर पुसून, टोपी काढून, बंद डब्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांबरोबर किमान २४ तास ठेवा. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या पुड्या चालतात. तांदळात खुपसू नका, त्याची भुकटी जाळीत बसते. खोक्यावरचं आयपीएक्स ४ म्हणजे उडणारे शिंतोडे सोसण्यापुरतंच, आणि डबीला सहसा तेवढंही संरक्षण नसतं. ओला बड डबीत ठेवून चार्जिंगला लावणं हा पिना गंजवायचा हमखास मार्ग.

लॅपटॉप आणि टीव्ही

विंडोज १० मध्ये एकाच बड्सची दोन रूपं दिसतात: 'हेडफोन्स स्टीरिओ' आणि 'हेडसेट हँड्स-फ्री'. मीटिंगच्या अ‍ॅपनं बड्सचा माइक उघडला की स्टीरिओ रूप गप्प होतं. अ‍ॅपमध्ये माइक आणि स्पीकर दोन्हीकडे 'हँड्स-फ्री' निवडा, किंवा माइक लॅपटॉपचा आणि स्पीकर 'स्टीरिओ' ठेवा. दुसरा पर्याय ऐकायला कितीतरी सुखाचा. विंडोज ११ मध्ये ही दोन रूपं एक केली आहेत, तिथे 'सिस्टिम', 'साउंड' आणि 'व्हॉल्यूम मिक्सर' या वाटेनं प्रत्येक अ‍ॅपचं आउटपुट तपासा. तरी आवाज नसेल तर 'डिव्हायसेस अँड प्रिंटर्स'मध्ये बड्सच्या प्रॉपर्टीजमधल्या 'सर्व्हिसेस' टॅबवर 'ऑडिओ सिंक'ची खूण आहे का बघा. शेवटी स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून 'विंडोज ऑडिओ' आणि 'ब्लूटूथ ऑडिओ गेटवे सर्व्हिस' रीस्टार्ट करा.

मॅकवर ऑप्शन की दाबून मेनूपट्टीतल्या आवाजाच्या चिन्हावर क्लिक केलं की आउटपुट आणि इनपुट एकत्र दिसतात. टीव्हीवर बड्स जोडूनही आवाज नसेल तर साउंडच्या सेटिंगमधलं डिजिटल आउटपुट 'पासथ्रू'वरून 'पीसीएम'वर आणा.

दुकानात नेण्याआधी

दुसऱ्या फोनवरही मुके, संपर्कबिंदू साफ, रीसेट झालेलं, तरी सूचना ऐकू येत नाही: मग दोष आतला आहे. बहुतेक बड्स गोंदानं बंद केलेले असतात आणि आतली बॅटरी वाटाण्याएवढी. ती टोचली गेली तर पेट घेऊ शकते, म्हणून घरी उघडू नका. वॉरंटी असेल तर बिल, डबीवरचा सीरियल नंबर आणि बड मुका असल्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तयार ठेवा. तक्रार मेलनं करा, म्हणजे तारीख नोंदली जाते. कंपनी टोलवाटोलवी करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. एकच बड गेला असेल तर नवी जोडी घेण्याआधी सुटा बड मिळतो का ते सर्व्हिस सेंटरला विचारा, आणि घेतलात तर तो जुन्याशी जुळवण्यासाठी वरची तिसरी पायरी पुन्हा करावी लागेल.